आठ महिन्यांचा लॅब घर कुरतडतोय? आधी कुठे आणि कधी ते बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यात टू बीएचके, आठ महिन्यांचा लॅब्रॅडॉर, नाव ब्रुनो. नवरा-बायको दोघं साडेनऊला बाहेर पडतात ते सातला परत, घरी आई असतात पण दुपारी दोन ते चार त्या आडव्या होतात. त्या वेळात सोफ्याचा कोपरा, टीव्हीचा रिमोट, दोन चार्जर आणि आईंची कोल्हापुरी गेली. वीकेंडला सगळेच बाहेर गेले की मेन दाराची चौकट सोलून ठेवतो. दात येऊन झाले तरी चावतो का, ट्रेनरने पेपरच्या गुंडाळीने मारायला आणि सोफ्याला मिरची लावायला सांगितलंय ते करू का, आणि सोबतीला दुसरा कुत्रा आणला तर सुटेल का, असं विचारलंय.

तुम्ही लिहिता लिहिता एक गोष्ट सहज सांगून गेलात आणि सगळ्यात महत्त्वाची तीच आहे. दुपारी जातं ते सोफा, रिमोट, चप्पल. सगळे बाहेर गेल्यावर जाते ती दाराची चौकट. हे एकाच कुत्र्याचे दोन वेगळे प्रॉब्लेम आहेत हो, दोन्हीकडे दातांच्या खुणा दिसतात म्हणून आपण एकाच खात्यात टाकतो. दुपारचं चावणं बहुतेक रिकामपणाचं आहे आणि चौकटीचं बहुतेक घाबरण्याचं. एकाचा उपाय दुसऱ्याला चालत नाही, कधी कधी तर उलटा पडतो. रिकामटेकड्या कुत्र्याला काम दिलं की तो गप होतो, घाबरलेल्याला तुम्ही चिकन भरलेलं खेळणं दिलं तरी तो त्याच्याकडे ढुंकून बघत नाही, आणि पिंजऱ्यात कोंडला तर नखं आणि दात तुटेपर्यंत जाळी ओढतो.

कुत्रा चावणार हे आधी मान्य करा. चावणं बंद करता येत नाही, कशाला चावायचं ते ठरवता येतं.

दातांचं पटकन सांगतो. पिल्लाला दुधाचे २८ दात असतात, साधारण साडेतीन-चार महिन्यांपासून पडायला लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत पक्के ४२ येतात. म्हणजे ब्रुनोचं दात येणं संपलंय हे तुमचं बरोबर आहे. एकदा ओठ वर करून सुळ्यांशेजारी दुधाचा सुळा तसाच उभा राहिलाय का तेवढं बघा, लॅबमध्ये फारसं दिसत नाही, पॉमेरेनियनसारख्या छोट्या कुत्र्यांत जास्त, पण असेल तर व्हेटला, म्हणजे जनावरांच्या डॉक्टरांना, दाखवायचं. दात आले तरी चावणं थांबत नाही कारण आता त्याचं टीनएज सुरू आहे. अंगात रग आहे, जबड्यात ताकद आलीये आणि अक्कल अजून यायचीये. मोठ्या जातींत हे दीड-दोन वर्षांपर्यंत चालतं. त्यात लॅब ही जातच मुळात शिकार केलेला पक्षी तोंडात धरून आणून देण्यासाठी तयार केलेली, त्यामुळे जग ओळखायचं तर तोंडात घालून हाच त्याचा खाक्या. वर भूक. २०१६ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी दाखवलं की जवळपास चारातल्या एका लॅबमध्ये पीओएमसी नावाच्या जीनचा एक तुकडा गायब असतो आणि त्या कुत्र्यांना खाण्याचं वेड जास्त असतं. लोक म्हणतात हावरट आहे, मी म्हणतो बरं आहे, किबलच्या, म्हणजे कुत्र्यांच्या कोरड्या खाण्याच्या, एका दाण्यासाठी काहीही शिकेल असा विद्यार्थी मिळालाय तुम्हाला.

आता पहिलं काम. घरात एक जुना फोन असेल तर तो टीव्हीच्या युनिटवर लावा आणि दोन व्हिडिओ काढा, एक आई झोपतात त्या दोन तासांचा, दुसरा सगळे बाहेर गेल्यावरच्या पहिल्या अर्ध्या तासाचा. ह्याशिवाय मी कुणालाच सल्ला देत नाही कारण मालक जे सांगतो आणि कॅमेऱ्यात जे दिसतं त्यात लई फरक असतो. दुपारच्या व्हिडिओत बहुतेक असं दिसेल की तो थोडा वेळ झोपतो, उठतो, आळस देतो, घरभर फिरतो, सोफ्यावरचा रिमोट उचलतो, आरामात मांडी घातल्यासारखा बसून कुरतडतो. शेपटी सैल, तोंड सैल. बाहेर गेल्यावरच्या व्हिडिओत मात्र तो दाराशी जातो, धापा टाकतो, येरझाऱ्या, रडणं किंवा हुंकारणं, तोंडातून लाळ गळते, दार खरवडतो, आणि हे तुम्ही गेल्यावर पहिल्या काही मिनिटांतच सुरू होतं. नुकसान दार-खिडकीपाशीच असेल तर शंका घट्ट होते. तिसरीही शक्यता असते, लिफ्टचा आवाज किंवा समोरच्या फ्लॅटमधला कुत्रा ऐकून दारावर जाणं, पण मग तो आवाजाला भुंकतो आणि परत येऊन झोपतो. व्हिडिओत ते कळतं.

आधी दुपारचं घेऊ, सोपं तेच आहे.

जे मिळत नाही ते चावता येत नाही, इतकं साधं आहे. चपला दाराबाहेरच्या किंवा बंद होणाऱ्या कपाटात. कोल्हापुरीचं तर विशेष, ती बाभळीची साल, हिरडा वापरून कमावलेल्या कातड्याची असते, वर आईंच्या पायाचा वास, कुत्र्याच्या दृष्टीने आणखी काय पाहिजे. आणि कृपा करून जुनी चप्पल खेळायला देऊ नका. 'ही जुनी आहे म्हणून चालेल, ती बाटाची नवी आहे म्हणून नाही' हा हिशोब त्याला कळणार नाही, मोजे आणि जुन्या टॉवेलचंही तेच. रिमोट, चष्मा, औषधाच्या पट्ट्या वरच्या शेल्फवर. चार्जर वापरून झाला की काढून ड्रॉवरमध्ये, जे वायर कायम राहतात त्यांना इलेक्ट्रिशियनकडून केसिंग पट्टी मारून घ्या किंवा सोफा सरकवून त्याच्या मागे घ्या. वायरचं मी हसण्यावारी नेत नाही, आपल्याकडे २३० व्होल्ट आहेत. कधी वायर चावलीच तर आधी मेन स्विच बंद, मग कुत्र्याला हात, आणि तो ठीक दिसला तरी व्हेटकडे न्यायचंच, कारण फुप्फुसात पाणी होण्यासारखा त्रास काही तासांनीसुद्धा सुरू होतो.

आई झोपतात तेव्हा त्याला हॉलचं रान मोकळं नको. एका खोलीच्या दाराला बेबी गेट लावा आणि ती खोली कुरतडण्याजोगं काही नाही अशी करून ठेवा, पाणी, त्याची गादी, त्याची खेळणी, पंखा. आईंच्याच खोलीत ठेवलात तर सगळ्यात उत्तम, तो एकटा पडत नाही आणि बहुतेक वेळा त्यांच्या पलंगाखाली घोरत पडेल. बाल्कनीत कोंडू नका, एप्रिल-मे मध्ये तिथे भट्टी होते आणि काही कुत्री उडीसुद्धा मारतात. ग्रिलला साखळीने बांधून ठेवणं हा तर उपायच नाही, १९६० च्या प्राण्यांच्या क्रूरता प्रतिबंधक कायद्यात आखूड साखळीला तासन् तास बांधणं आणि बांधलेल्या कुत्र्याला व्यायाम न देणं दोन्ही क्रूरतेत धरलंय, आणि कायदा बाजूला ठेवला तरी असा कुत्रा संध्याकाळी सुटला की दुप्पट धुमाकूळ घालतो.

मग रग जिरवायचं बघा. दहा मिनिटं खाली नेऊन शी-शू करून आणणं ह्याला मी फिरवणं म्हणत नाही. सकाळी पाऊण तास तरी द्या आणि त्यातला निम्मा वेळ त्याला हुंगू द्या, त्याला ओढत चालवू नका. हुंगण्याने डोकं जेवढं थकतं तेवढं पळून नाही थकत. तळजाई किंवा वेताळ टेकडीसारखी जागा जवळ असेल तर आठवड्यातून एक-दोनदा लांब दोरीवर न्या (मोकळा नका सोडू, तिथे मोर आहेत, माणसं आहेत) आणि घरी आल्यावर कानामागे, बोटांच्या बेचक्यात गोचीड चाचपून बघा. उन्हाळ्यात सात वाजायच्या आत परत या. तळहाताची मागची बाजू डांबरावर टेकवून बघा, पाच-सात सेकंद धरवत नसेल तर त्याचे पायही भाजतात. तासभर बॉल फेकून दमवायचा प्रकार मात्र लॅबच्या पिल्लात नको. वाढत्या सांध्यांवर जोर पडतो, लॅबमध्ये खुब्याचे त्रास तसेही असतात, आणि बॉलने कुत्रा दमण्यापेक्षा चेकाळतो जास्त, घरी येऊन मग उशी फाडतो.

पावसाळ्यात मला येणारे चावण्याचे फोन एकदम वाढतात. कारण सरळ आहे, पाऊस म्हणून खाली नेणं बंद होतं आणि कुत्रा दिवसभर चार भिंतीत. रेनकोट घाला, भिजू द्या, पुसा, पण न्या. अगदीच शक्य नसेल तर घरात काम द्या, आणि ते काम म्हणजे जेवण.

ब्रुनोला ताटलीत जेवण देणं आजपासून बंद करा, निदान दुपारचं तरी. किबल जुन्या चादरीत गुंडाळून गाठ मारा, टॉवेलच्या घड्यांत पसरा, अंड्यांच्या पुठ्ठ्याच्या ट्रेमध्ये टाकून वर कागदाचे बोळे ठेवा, कुरिअरच्या खोक्यात लपवा (सेलोटेप आणि पिना काढून). तो ट्रे फाडेल, फाडू द्या, त्याचसाठी दिलाय. फक्त तो फाडून टाकतोय की गिळतोय ते पहिल्या काही वेळा बसून बघा, गिळणारा असेल तर पुठ्ठा बंद. रिकाम्या बिसलेरीच्या बाटलीत दाणे टाकून देतात बरेच जण, चालेल, पण झाकण आणि गळ्यातली रिंग काढा आणि प्लास्टिक फाटायला लागलं की उचला.

आणि एक चांगलं पोकळ रबरी खेळणं घ्या, ह्यावर पैसे वाचवू नका. कॉन्ग नावाचं जे मिळतं त्याची गोष्ट मजेशीर आहे, अमेरिकेत कोलोरॅडोत जो मार्कहॅम नावाच्या माणसाचा जर्मन शेफर्ड दगड चावून चावून दात घालवत होता, मालक फोक्सवॅगनची गाडी दुरुस्त करत असताना त्याने सस्पेन्शनचा रबरी पार्ट फेकला आणि कुत्र्याने दगड सोडून तोच धरला, सत्तरच्या दशकातली गोष्ट. कंपनी कुठलीही घ्या, साइज मोठी आणि रबर दणकट हवं. त्यात भिजवलेलं किबल, घरचं दही, उकडून कुस्करलेला लाल भोपळा असं भरा, मीठ-फोडणी काही नाही आणि कांदा-लसूण तर अजिबात नाही, रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा. दुपारी पावणेदोनला आईंनी ते त्याच्या गादीवर ठेवायचं. वीस-पंचवीस मिनिटं चाटत बसेल, चाटून कुत्री शांत होतात आणि नंतर झोपतात. दोन घ्या म्हणजे एक वापरात एक फ्रीझरमध्ये. आणि ह्यात भरलं तेवढं जेवणातून कमी करा, नाहीतर चार महिन्यांनी माझ्याकडे लठ्ठ लॅब घेऊन याल.

चघळायला काय द्यावं ह्यावर मात्र मी जरा कडक आहे. साधी परीक्षा अशी की वस्तूवर अंगठ्याचं नख दाबा, खूण उमटत नसेल तर ती दातांसाठी जास्तच कडक आहे. शिंगं, खूर, मोठी कच्ची हाडं ह्या परीक्षेत नापास. असल्या वस्तू चावताना वरच्या जबड्यातली मोठी दाढ उभी चिरते, मग काढावी लागते. याकच्या दुधाची छुर्पी, म्हणजे सुकवून कडक केलेलं चीज, हल्ली सगळीकडे मिळते, तीही कडक आहे, हळू चाटणाऱ्या कुत्र्याला देतो मी, ब्रुनोसारख्या कडाकड फोडणाऱ्याला नाही. रविवारचं मटण झाल्यावर नळी देणं बंद. शिजलेलं हाड टोकदार तुकड्यांत फुटतं, आणि खाटकाने गोल कापलेली नळी खालच्या जबड्यात बांगडीसारखी अडकलेली मी बघितलीये, गुंगी देऊन कापून काढावी लागते. पेट शॉपमधली ती पांढरी गाठ मारलेली चामड्याची हाडं पण नको, लॅब शेवटचा तुकडा अख्खा गिळतो आणि तो पोटात फुगतो.

मग उरलं काय? अख्खं थंडगार गाजर, फ्रीझरमधून काढलेलं. नरम दणकट रबर. वाळवलेली माशाची कातडी, गुंडाळलेली मिळते ती. शहाळ्याचं टरफल कुत्र्यांना प्रचंड आवडतं, सोलून सोलून हॉलभर काथ्या करतात, आणि आपल्याकडे ते फुकट मिळतं, पण समोर बसूनच द्यायचं, काथ्या गिळला तर त्याचा गोळा होतो. दोरीच्या खेळण्याचंही तेच, धागे सुटायला लागले की फेका. खेळणी सगळी एकदम टाकू नका, तीन बाहेर ठेवा बाकी कपाटात आणि दर दोन-तीन दिवसांनी बदला, जुनं परत आलं की त्याला नवं वाटतं.

एक गोष्ट कुणी सांगत नाही ती म्हणजे झोप. ह्या वयाचं कुत्रं दिवसाचे सोळा-अठरा तास झोपलं पाहिजे. संध्याकाळी सातला तुम्ही आल्यावर तो वेड्यासारखा पळतो, पँट ओढतो, सोफा चावतो ते रग जास्त झाली म्हणून नाही, कित्येकदा झोप कमी झाली म्हणून असतं. अशा वेळी आणखी खेळवू नका. थोडं फिरवून आणा, चाटायला काही द्या आणि दिवे कमी करून अर्धा तास एका जागी बसवा.

तोंडात नको ते घेतलं तर काय करायचं हे आईंनाही जमेल असं शिकवू, कारण दुपारी त्याच असतात आणि आठ महिन्यांच्या लॅबशी त्यांनी झटापट करू नये. रोज जेवणाच्या आधी खुर्चीत बसायचं, हातात किबलचा डबा. 'सोड' म्हणायचं आणि लगेच चार-पाच दाणे जमिनीवर टाकायचे. तोंडात काही नसतानाच. हे इतक्या वेळा करा की 'सोड' ऐकलं की तो जमिनीकडे बघायला लागला पाहिजे. मग तोंडात खेळणं असताना करा, ते पडेल, दाणे खाऊ द्या आणि खेळणं परत द्या. परत देणं विसरू नका, सगळी मेख तिथे आहे. जो कुत्रा शिकतो की सोडलं तर वस्तू जात नाही वर खाऊ मिळतो, तो चप्पल घेऊन पळत नाही, तुमच्याकडे घेऊन येतो. पाठलाग केला तर त्याला तो खेळ वाटतो. जबडा उचकटून काढलं तर तो पुढच्या वेळी पलंगाखाली जाऊन गुरगुरतो किंवा वस्तू पटकन गिळतो, आणि मोजा गिळणं हे मोजा फाडण्यापेक्षा कितीतरी महाग पडतं.

आता पेपरची गुंडाळी आणि मिरची. दोन्ही नको.

तुम्ही सातला येता, सोफा तीनला फाडलाय. चार तासांनंतरच्या माराचा सोफ्याशी संबंध त्याला लागत नाही, तुम्ही घरी येण्याशी लागतो. 'पण त्याला कळतं हो, कान पाडून कोपऱ्यात जातो' असं सगळे म्हणतात. न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजच्या अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ मध्ये ह्याच्यावर प्रयोग केला. कुत्र्याने मना केलेला खाऊ खाल्ला की नाही हे मालकाला कधी खरं, कधी खोटं सांगितलं. तो अपराधी चेहरा मालक रागावला की यायचा, कुत्र्याने खाल्लंय की नाही ह्याच्याशी त्याचा संबंध नव्हता, उलट काहीच न केलेली कुत्री रागावल्यावर जास्त अपराधी दिसली. तो चेहरा म्हणजे 'भांडू नका' एवढंच आहे. आणि ब्रुनोचा अर्धा प्रॉब्लेम घाबरण्याचा असेल तर मारून तुम्ही तो अर्धा दुप्पट करताय. घरात 'अल्फा' दाखवा वगैरे जे ट्रेनर सांगतात ते पिंजऱ्यात एकत्र कोंडलेल्या लांडग्यांच्या जुन्या निरीक्षणांवरून आलंय, ही कल्पना ज्यांच्या लिखाणामुळे लोकांपर्यंत गेली त्या लांडग्यांच्या अभ्यासक डेव्हिड मीच यांनीच १९९९ मध्ये लिहिलं की जंगलातला लांडग्यांचा कळप म्हणजे आई-बाप आणि त्यांची पोरं असतात, बॉसगिरीची शर्यत नसते.

मिरची डोळ्यात, नाकात जाते, तो पंजाने चोळतो आणि ती आणखी पसरते, नंतर त्याच सोफ्यावर आई बसणार आहेत. कडू स्प्रे मिळतात ते ठीक आहेत, काही कुत्र्यांवर चालतात, रोज परत मारावे लागतात, कापडाच्या कोपऱ्यावर डाग पडतो का ते आधी बघा. काही लॅब स्प्रेसुद्धा चाटून साफ करतात. पर्याय न देता नुसता स्प्रे मारला तर तो सोफ्याचा उजवा कोपरा सोडून डावा धरेल, एवढंच होईल.

चौकट आता. व्हिडिओत धापा, लाळ, रडणं दिसलं तर हे एकटेपणाची भीती म्हणून धरा आणि वर सांगितलेलं फिरवणं-खेळणं चालू ठेवा पण त्याने हे बरं होईल अशी अपेक्षा ठेवू नका. ओळखायची एक खूण, निघताना तेच भरलेलं रबरी खेळणं देऊन जा. परत आल्यावर ते जसंच्या तसं असेल आणि तुम्ही आत पाऊल टाकल्यावर तो त्याच्यावर तुटून पडला, तर त्याला भूक होती पण एकटं असताना घास उतरत नव्हता.

पुढचे काही आठवडे त्याला पूर्ण एकटं सोडू नका. कठीण वाटतं, पण तुमच्याकडे आई आहेत, वीकेंडला एकाने थांबा, नाहीतर त्याला बरोबर न्या किंवा त्याच्या ओळखीच्या घरी सोडा. दरम्यान सराव. किल्ली उचला आणि परत ठेवा, बूट घाला आणि चहा करायला जा, दिवसातून कितीदा तरी, म्हणजे किल्लीच्या आवाजाला काही अर्थच उरणार नाही. मग सगळ्यांनी दाराबाहेर जायचं, दार लावायचं, पाच सेकंदांनी आत. फोनवर व्हिडिओ कॉल लावून बाहेरून बघत राहा. तो स्वस्थ असेल तर दहा सेकंद, तीस, एक मिनिट, मध्येच परत पाच. नेहमी वाढवतच गेलात तर त्यालाही तो पॅटर्न कळतो. तो धापा टाकायला लागायच्या आत परत यायचं, रडू द्या म्हणजे सवय होईल हे इथे चालत नाही, रडून तो फक्त रडण्याचा सराव करतो. येता-जाता मोठा निरोप समारंभ नको, पण अगदी दुर्लक्षही करायची गरज नाही, 'येतो रे' म्हणून निघा. पहिला अर्धा तास सगळ्यात अवघड, तो पार पडला की पुढे भराभर वाढतं. दिवाळीच्या आठवड्यात हा सराव सुरूच करू नका, फटाक्यांत सगळं मुसळ केरात.

महिनाभर प्रामाणिकपणे करूनही मिनिटाच्या वर जात नसेल किंवा स्वतःला इजा करत असेल तर व्हेटशी औषधाबद्दल बोला. फ्लुओक्सेटीन, क्लोमिप्रामीन ही औषधं कुत्र्यांच्या ह्याच त्रासावर वापरतात, असर यायला काही आठवडे लागतात आणि सरावाबरोबरच द्यायची असतात. लोकांना वाटतं औषध म्हणजे कुत्रा गुंगीत ठेवणं, तसं नाही, शिकता येईल इतका तो शांत होतो. डोस व्हेटच ठरवणार, घरातल्या माणसाच्या पट्टीतली गोळी काढून देऊ नका.

ब्रुनो फाडून टाकतो की खातो हे तुम्ही लिहिलेलं नाही, ते बघा. भिंतीचा चुना, माती, कापड खरंच खात असेल तर शी तपासून घ्या, जंताचं औषध वेळेवर झालंय का बघा, रक्त तपासा. पोटाचा आजार किंवा रक्त कमी असणं असं काहीतरी मागे असू शकतं आणि त्याला ट्रेनिंगचा काही उपयोग नाही.

आणि काही गिळलंच तर. आपल्याकडे मे-जूनमध्ये आंब्याची कोय आणि पावसात मक्याच्या कणसाचा बुरकुंडा, आतड्यात अडकायला ही दोन पक्की गिऱ्हाइकं, बुरकुंडा तर साध्या एक्स-रेत बऱ्याचदा धड दिसतही नाही, त्यामुळे डॉक्टरांना 'कणीस खाल्लं असावं' हे आपणहून सांगा. मोजा, कोय असं काही गिळल्याचं तासा-दीड तासात कळलं तर व्हेट उलटी करवून काढू शकतात, म्हणून उद्या सकाळी बघू असं करू नका. घरी मिठाचं पाणी पाजून उलटी काढायची नाही, ते मीठच जीवावर बेततं. रिमोटमधला बटण सेल गिळला असेल तर तो काही तासांत अन्ननलिका जाळतो, उलटी न करवता सरळ दवाखाना. तोंडातून किंवा मागून दोरा लटकताना दिसला तर ओढू नका. शुगर-फ्री च्युइंगगम (त्यातलं झायलिटॉल), पॅरासिटॅमॉल-आयब्युप्रोफेनच्या गोळ्या, डांबर गोळ्या, उंदराचं औषध, कुंड्यांमधलं कण्हेर आणि सायकस, ह्यातलं काही खाल्लं तर पाकीट किंवा फांदी बरोबर घेऊन लगेच निघा. मनी प्लांट, डिफेनबेकियाने तोंड चुरचुरतं, लाळ गळते, त्या कुंड्या वर टांगा. वारंवार उलट्या, जेवण बंद, शी होत नाही, पोट धरू देत नाही, ह्यातलं काही दिसलं तर काय गिळलं ते माहीत नसलं तरी जा. रात्री उघडा असलेला जवळचा दवाखाना कोणता ते आजच शोधून नंबर फ्रिजवर चिकटवा.

दुसऱ्या कुत्र्याचं. आत्ता नको. ब्रुनो माणसं गेली म्हणून घाबरत असेल तर शेजारी कुत्रा बसून त्याची भीती सहसा जात नाही, आणि दुपारच्या रिकामपणात दोघं मिळून एक सोफा निम्म्या वेळात उरकतील, वर आईंना दोन कुत्री सांभाळायची. दोन वर्षांचा होऊ द्या, चार तास निवांत एकटा राहायला लागू द्या, तेव्हाही घरात सगळ्यांना हवा असेल तर आणा, तोपर्यंत आठवड्यातून दोनदा सोसायटीतल्या एखाद्या शांत मोठ्या कुत्र्याबरोबर फिरायला नेलं तरी भागेल.